हातचं राखून दिलेला काढा

कुआंगताईंना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका मलमापायी. गळवावर लावायचं मलम. अठ्ठावन्न साली आमच्या जिल्ह्यानं घरगुती औषधांचं जे जाडजूड पुस्तक छापलं होतं, त्यात ते होतं. ताईंनी पुस्तकाबरहुकूम ते कचेरीतल्या कोळशाच्या शेगडीवर शिजवलं. तिळाचं तेल, दोन मुळ्या, एक साल, सगळं मापात. गार झालं तरी तेलच. सकाळी येऊन पाहिलं तरी तेलच. त्यांनी ती वाटी माझ्या टेबलावर आपटली.

"लियाओ, यात मेण नाही."

"मग घाला की."

"मी घालीन रे. सांगणाऱ्यानं का नाही घातलं?"

"मांजरानं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढायला तेवढं का नाही शिकवलं?" मी म्हणालो. ही गोष्ट आमच्याकडे अंगावर पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असते.

ताई हसल्या नाहीत. हसून सोडून दिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, पण सोडून देणं त्या बाईच्या स्वभावातच नव्हतं. जेवणाच्या डब्यातल्या मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यातले देठसुद्धा त्या एकेक उचलून, उजेडाला धरून, मग तोंडात घालायच्या.

आम्ही दोघं जिल्ह्याच्या औषध-संशोधन कचेरीत होतो. कचेरी म्हणजे औषधराजाच्या जुन्या देवळातली मागची खोली. देव सहासष्ट साली, जुनं ते सगळं मोडा-जाळायच्या मोहिमेत, फोडून नेले, ओल तेवढी आम्हाला ठेवली. प्रांतावरून हुकूम आला होता की अठ्ठावन्नचं पुस्तक पुन्हा छापायचं आहे, तेव्हा त्यातला औषधाचा प्रत्येक पाठ जुन्या पोथ्यांशी ताडून पाहा. आता पोथ्या तरी किती उरल्या होत्या? ज्या चुलीत गेल्या नाहीत तेवढ्या. कुणी डुकरांच्या खोपटात दडवलेल्या, कुणी स्वतःसाठी करून ठेवलेल्या शवपेटीच्या तळाशी. कसर लागू नये म्हणून ताई पानापानांत तंबाखू घालायच्या आणि बोट न टेकवता, बांबूच्या काडीनं ओळ धरून वाचायच्या. मिंग काळचा एक वैद्य काय म्हणतो, दोनशे वर्षांनी दुसरा त्याच्यावर का डाफरतो, आणि तिसरा दोघांचं उतरवून घेताना कुठे डुलकी काढतो, हे त्या शेजारघरचं भांडण सांगावं तसं सांगायच्या. त्या वेळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे. एरवी त्या चेहऱ्यावर काही नसायचं. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, आणि वडलांच्या नावाभोवती जे होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं.

मलमानंतर त्या हट्टाला पेटल्या. खोकल्याचा काढा काढला, त्यात जर्दाळूची बी नाही. जंतांचं औषध काढलं, त्यात जंत मारणारं फळच नाही. एक हिवाळा आणि एक उन्हाळा त्यांनी हेच केलं. जुन्या पोथीतला पाठ डावीकडे, आमच्या जिल्ह्याचा उजवीकडे. बहुतेक प्रत्येक पाठात एक गोष्ट कमी. एकच.

"खोटं कुणी बोललं नाही," ताई म्हणाल्या. "सगळ्यांनी खरंच सांगितलं. फक्त एकेक वस्तू राखली."

"शिष्य शिकला की गुरू उपाशी," मी म्हणालो. "हे तुम्हाला आज कळलं? माझा काका दातदुखीचं औषध स्वतःच्या जावयालाही पुरतं द्यायचा नाही. तुमच्याकडे तर वैद्यकी, तुम्ही याच्यात वाढलात."

"मी मुलगी आहे. आमच्याकडे मुलींना दळायला बसवतात. काय दळतोय ते सांगत नाहीत."

मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "बाबांच्या काढ्यात काय राखलं असेल?"

मी शेगडी ढोसत बसलो. त्या काढ्याबद्दल आमच्या गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

आता ते सांगायला हवं. अठ्ठावन्न साली औषधं गोळा करायची मोहीम निघाली. घरोघरची गुपितं जनतेला द्या म्हणून घंगाळं बडवत माणसं फिरत. जो देईल त्याच्या छातीवर लाल कागदी फूल. कुआंग रुईफेन, म्हणजे आमच्या ताई, तेव्हा बावीस वर्षांची पोर, अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिहून घ्यायचं काम तिच्याकडे. वडील कुआंग वैद्य सांधेदुखीवर नामांकित. त्यांचा डोंगरी बचनागाचा काढा प्यायला माणसं खांद्यावर यायची आणि पायांनी जायची. आणि तेच देईनात. लोक पोरीला टोमणे मारू लागले, की दुसऱ्यांच्या घरात हात घालते आणि स्वतःच्या घरची कडी लावून ठेवते. एके दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "लिही."

तिनं लिहिलं. शाईचे कागद छापखान्यात गेले. पेंग सिलुन नावाचा माणूस तिथे खिळे जुळवायचा, त्यानं जुळवले. पुस्तक गावोगाव वाटलं गेलं.

पुढच्या हिवाळ्यात वरच्या खोऱ्यात धरणाचं काम चालू होतं. माणसं कमरेएवढ्या गार पाण्यात उभी. गुडघे धरले. तिथल्या सामुदायिक स्वयंपाकघराच्या आचाऱ्यानं पुस्तक उघडलं, कुआंग वैद्यांचा काढा शोधला, लिहिल्याप्रमाणे वस्तू जमवल्या आणि भाताच्या कढईत सगळ्यांसाठी एकदमच उकळला. वैद्य नव्हता, विचारायला कुणी नव्हतं. पुस्तक होतं ना. बचनाग आधी वेगळा, तासन्‌तास शिजवून त्याचं विष मारावं लागतं हे पुस्तकात नव्हतं. प्यायलेल्यांच्या आधी जिभा बधिर झाल्या, मग ओठ, मग छाती. सात माणसं गेली. सगळी धडधाकट, दगड वाहणारी.

चौकशी झाली. कुआंग वैद्य म्हणाले, मी शिजवायचं सांगितलं होतं. मुलीला विचारलं. ती म्हणाली, बाबा म्हणतात तर सांगितलंच असेल, मी लिहिलंच असेन. मूळ कागद तोवर लगदा होऊन त्यावर घोषणा छापून झाल्या होत्या. मग उरला कोण? खिळे जुळवणारा. पेंगनं ओळ गाळली. मुद्दाम गाळली, जनतेचा शत्रू आहे, असं ठरलं. दगडाच्या खाणीत पाठवला त्याला. कुआंग वैद्य त्यानंतर कुणाशी बोललेच नाहीत, आणि दुष्काळाच्या साली गेले. उपाशी गेले असं म्हणतात. त्या साली कोण पोटभर गेलं?

तर हे सगळं ताईंना ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं त्या एकाच गोष्टीवर उभ्या होत्या, की ती ओळ आपण लिहिली होती. दिवसाला शंभर पाठ लिहीत होते, लक्षात नाही, पण लिहिली असणारच. मलमातलं मेण सापडेना तेव्हा त्यांच्या पायाखालची ही जमीन हलली.

एक्याऐंशीच्या शरदात पेंगचा अर्ज आला. त्या वर्षी असे अर्ज ढिगानं येत होते, जुन्या खटल्यांचा फेरविचार व्हावा म्हणून. पेंगच्या अर्जावर वरच्यांनी आमच्या कचेरीचं मत मागितलं. ओळ छापताना गळली की मुळातच नव्हती? आमचे प्रमुख नियूसाहेब फाईल घेऊन स्वतः खोलीत आले. एरवी ते ओलीच्या भीतीनं उंबरठा ओलांडत नसत.

"कुआंगबाई, दोन ओळी लिहून द्या. 'मूळ कागद उपलब्ध नाहीत, सबब ठरवता येत नाही.' संपलं."

"ठरवता येईल, साहेब. मला वेळ द्या."

"कशाला? पेंग अंथरुणाला खिळलाय. तुमचे वडील मातीत गेलेत. दोघांनाही सुखानं राहू द्या की."

"पेंग सुखात आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

नियूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी बाईंना आवरायला पगार घेतो. "आणि पुस्तक छापायला जायचंय," ते म्हणाले. "जिल्ह्यानं अर्धवट पाठ दिले असं तुम्ही लिहिलंत, की पुस्तक बसलं. मग या खोलीत तुम्ही दोघं काय करणार? उंदीर मोजणार?"

ते गेल्यावर ताई म्हणाल्या, "उद्या रुईशेंगकडे जायचं. चल माझ्याबरोबर. तुझ्यासमोर तो मला हाकलणार नाही."

रुईशेंग हा त्यांचा धाकटा भाऊ. वडलांची विद्या त्याला मिळाली होती, पुरती, कारण तो मुलगा. नदीपलीकडे त्याचं घर होतं, आणि दारात तेव्हाही गुडघे धरून बसलेली माणसं होती. मागच्या अंगणात मोठ्या मडक्यात बचनागाच्या मुळ्या उकळत होत्या. त्याची बायको त्यात ज्येष्ठमध आणि काळे घेवडे टाकत होती. सून असल्यामुळे तिला सगळं माहीत होतं. लेकीला नाही.

ताई मडक्यापाशी गेल्या. भावजयीनं झाकण ओढलं.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "मला पोथ्यांतून सगळं कळलंय. तांदळाच्या धुवणात भिजवायचं, ज्येष्ठमधाबरोबर उकळायचं, तुकडा जिभेला लावला की मुंग्या येईनाशा व्हायला हव्यात, तोवर उतरवायचं नाही. तेराव्या शतकापासून प्रत्येक पोथीत आहे. यात गुपित कसलं?"

"मग विचारायला कशाला आलीस?" रुईशेंग बाहेर येत म्हणाला. "मोठी पोथ्या वाचणारी बाई तू. आम्ही आपले मुळ्या खरवडणारे."

"बाबांनी मला हे सांगितलं होतं का, तेवढंच सांग."

"लग्न झालेल्या बहिणीला घरातलं सांगत नाहीत."

"मी विधवा आहे रुईशेंग, पंधरा वर्षं झाली. माझं घर कुठलं ते तरी ठरव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहत होतो.

"त्या पेंगचं प्रकरण वर आलंय ना," तो म्हणाला. "येऊ दे. माणूस खाणीतून जिवंत आला, पुष्कळ झालं. त्याच्यासाठी बापाला खुनी ठरवणार तू? माझ्या दारात मग कोण येईल? माझी पोरं काय खातील, तुझ्या पोथ्या?"

"सांगितलं होतं की नाही?"

"नाही."

आणि रुईशेंग एकदा बोलायला लागला तो थांबेना. राग होता तो, जुना, घरातला.

"ऐकायचंच होतं ना, ऐक. पूर्वजांची शपथ होती. द्यायचं तर हातचं राखून द्यायचं. सगळ्यांनी काय केलं? खरी वस्तू खाल्ली, मेण खाल्लं, बी खाल्ली. लोकांची औषधं लागू पडली नाहीत, पण कुणी मेलं नाही. बाबांना तसं करता येत होतं. बचनागच लिहायचा नव्हता, की झालं. पण त्यांची लाडकी लेक तीन दिवस उपाशी. ते मला म्हणाले, पोरीच्या पुस्तकात माझा पाठ सगळ्यांत खरा असला पाहिजे. वस्तू सगळ्या खऱ्या सांगतो, मापं खरी सांगतो. शपथेपुरतं एक राखतो, जे रस्त्यावरच्या जडीबुटीवाल्यालाही ठाऊक असतं ते. बचनाग कच्चाच काढ्यात कोण घालतो? आचारी घालेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या जन्मात औषध वैद्यच करत होता."

ताई मडक्यापासून मागे सरल्या.

"तुझ्यासाठी केलं त्यांनी," रुईशेंग म्हणाला. "आता जा आणि लिही."

परतताना नावेत ताई मला म्हणाल्या, "लियाओ, मी जेवले असते तर?" मी म्हणालो, थंडी वाढतेय, शाल घ्या. दुसरं काय म्हणणार होतो? काही प्रश्नांना उत्तर देणं हाच अपराध असतो.

मला वाटलं होतं, त्या नियूसाहेबांच्या दोन ओळी लिहून देतील. मी असतो तर दिल्या असत्या, आणि रात्री शांत झोपलोही असतो. ताईंनी तसं केलं नाही. भावाचं नाव त्यांनी मतात आणलं नाही, तो कबूलही झाला नसता. त्यांनी पोथ्याच पुढे ठेवल्या. डावीकडे जुना पाठ, उजवीकडे आमचा, प्रत्येकात एकच वस्तू उणी. खाली लिहिलं की ही जर छापखान्याची चूक मानायची, तर पेंगनं प्रत्येक पाठातून नेमकी कळीची तेवढीच वस्तू निवडून गाळली असं होईल, आणि इतकी अचूक चूक करणारा माणूस जिल्ह्यातला सर्वांत थोर वैद्य असायला हवा. मग सरळ लिहिलं की औषधं देणाऱ्यांनी परंपरेप्रमाणे एकेक गोष्ट राखली. कुआंग झाओलिन यांनी बचनाग शिजवण्याची कृती राखली आणि चौकशीत ते खोटं बोलले. ते लिहून घेणारी त्यांची मुलगी मी, आठवत नसताना त्यांच्या बाजूनं बोलले.

नियूसाहेबांनी कागद तीनदा परत पाठवला. तिसऱ्या वेळी ताईंनी तो टपालानं थेट वर धाडला. पुस्तक बसलं ते बसलंच. आमची खोली बंद झाली, पोथ्या पेट्यांत भरून कुठल्याशा गोदामात गेल्या आणि मी औषधांच्या दुकानात पुड्या बांधायला लागलो. रुईशेंगनं निरोप धाडला की बापाच्या थडग्याकडे फिरकायचं नाही.

पेंगची सुटका झाली. म्हणजे कागदावर. तो निकाल ताईंनी स्वतः त्याच्या घरी नेला, आणि मला पुन्हा ओढलं. पेंग भिंतीला टेकून बसला होता. खाणीच्या धुळीनं छातीचं पार भुस्कट झालेलं, एका वाक्याला दोनदा श्वास घ्यायचा. खाणीत गेला त्याच साली बायकोनं काडीमोड घेतला होता, मुलीनं आडनाव बदललं होतं. ताईंनी वाचलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे मी गाळली नाही," तो म्हणाला.

"नाही, पेंगदादा. नव्हतीच ती ओळ."

"पण मी कबूल केलं होतं."

"मारलं असेल तुम्हाला."

"ते तर मारलंच. पण पुढे मला आठवायलाच लागलं. खिळे कुठल्या खणातून घेतले, कुठे हात थांबला, कुणी हाक मारली. सगळं दिसायचं. खाणीत मी रोज ती ओळ जुळवायचो, बाई. या वेळी गाळायची नाही म्हणून." तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "बावीस वर्षं मी त्या सात जणांची माफी मागतोय. तिथून सुटल्यापासून दर वसंतात, थडगी झाडायच्या सणाला, धरणावर जाऊन, त्यांना तिकडे खर्चायला म्हणून, कागदी नोटा जाळतो. आता तुम्ही म्हणता माझा संबंधच नव्हता. मग माझं काय उरलं?"

मला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर ताईंवर थुंकेल. दोन्हीला त्याचा हक्क होता. तो फक्त चिडखोरपणे आमच्याकडे पाहत राहिला, कुणी पांघरूण ओढून नेल्यासारखा.

"यंदा कागद मी जाळीन," ताई म्हणाल्या.

"नावं माहीत आहेत का तुम्हाला?"

ताईंना माहीत नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही विचारली नव्हती.

"मग मला यावं लागेल," पेंग म्हणाला.

सणाच्या दिवशी मी त्याला हातगाडीवर बसवून धरणावर नेलं. पाणी खाली गेलं होतं, कडेचा चिखल सुकून भेगाळला होता. ताईंनी कागदी नोटांचे गठ्ठे आणले होते. पेंग एकेक नाव घ्यायचा, गाव सांगायचा, बापाचं नाव सांगायचा, आणि ताई ते तोंडातल्या तोंडात म्हणून गठ्ठा पेटवायच्या. एका माणसापाशी तो अडला, मग आठवलं की त्याला नाव नव्हतंच, घरातला तिसरा मुलगा म्हणून सगळे त्याला तिसरा म्हणायचे. ताईंनी तिसरा म्हणून पेटवला. सात झाले. पिशवीतून त्यांनी आणखी एक गठ्ठा काढला.

"हा कुणाचा?" पेंगनं विचारलं.

"बाबांचा. भाऊ तिकडे जाऊ देत नाही. म्हटलं, इथेच..."

पेंगनं मान हलवली. राग नव्हता त्यात. वर्षानुवर्षं ती जागा सांभाळणाऱ्या माणसानं घ्यावा तसा निर्णय होता.

"इथे नको, बाई," तो म्हणाला. "इथे हे सात जण आहेत."

ताईंनी गठ्ठा पिशवीत परत ठेवला, आणि मी गाडी वळवली.